आडनाव विचारण्याआधी

प्रति,
नाशिक शहरातील घरमालक, फ्लॅटधारक आणि हाउसिंग सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी यांस,

विषय : भाडेकरू ठेवण्यापूर्वी एक पुस्तक वाचण्याबाबत



सोसायटीच्या पत्राला विषय लागतो, म्हणून वर तो रीतसर लिहिला आहे. आपण पाण्याची टाकी, लिफ्टची देखभाल आणि पार्किंगची भांडणे यांत गुंतलेली माणसे. त्यात हे पुस्तक कुठून उपटले, असे तुम्हाला वाटेल. पण पुस्तक आपल्याच कामाचे आहे. त्यातली सर्वांत गाजलेली कथा भाड्याच्या जागेत राहणाऱ्या एका माणसाची आहे, आणि ती लिहिणारा आपल्या विहितगावात जन्मलेला आहे.

बाबूराव बागूल. जन्म १७ जुलै १९३०. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९६३ साली निघाला आणि मराठी कथेला त्याची दखल घ्यावीच लागली. पुढे ‘मरण स्वस्त होत आहे’ हा संग्रह आला, ‘सूड’ आणि ‘अघोरी’ या कादंबऱ्या आल्या. दलित साहित्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या फळीत घेतले जाते. तुमच्यापैकी अनेकांना हे ठाऊक असेल. निदान परीक्षेपुरते तरी.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत बसतो आणि माझाही एक फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. त्यामुळे भाडेकरूची चौकशी कशी होते, ते तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला. एजंटचा फोन येतो : पार्टी चांगली आहे, अंबडला कंपनीत पर्मनंट आहे. आपण विचारतो, फॅमिली आहे ना? मग व्हेज की नॉनव्हेज? मग मूळ गाव कुठले? मग पूर्ण नाव. आडनाव सहजासहजी उलगडणारे नसेल, तर पाहुणे कुठले, कुलदैवत कोणते, असे प्रश्न गोडीगुलाबीने पुढे सरकतात. जात कुणीच विचारत नाही. तेवढे सुशिक्षित आपण सगळेच आहोत. उत्तर मनासारखे नसले, की ‘मिसेसशी बोलून कळवतो’ म्हणायचे. किंवा पुण्याहून मुलगा अचानक राहायला येणार असतो.

आपल्या बाजूने प्रकरण तिथे संपते. फोनच्या दुसऱ्या टोकाला ते संपत नाही. तिथला माणूस पुढच्या फोनच्या तयारीला लागतो. आडनावाऐवजी फक्त आद्याक्षर सांगावे का? गावाचे नाव घेण्याऐवजी नुसता तालुका सांगावा का? बाबासाहेबांचा फोटो सामानात खाली ठेवावा का? बायकोला काय सांगून ठेवावे, मुलाला शाळेत काय बोलू नको म्हणावे? नोकरी आहे, पगार आहे, डिपॉझिट तयार आहे, तरी हा हिशेब चुकत नाही. आपल्या चार साध्या प्रश्नांनी एका घरात एवढी उलथापालथ होते, हे आपल्याला दिसत नाही, कारण तोवर आपण दुसऱ्या पार्टीशी बोलत असतो. बागुलांनी नेमकी ही न दिसणारी बाजू लिहिली.

ती त्यांनी कल्पनेने रचलेली नव्हती. लहानपणी ते मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात आले, तिथेच वाढले. पोटासाठी मिळतील ती कामे करत असताना रेल्वेतली नोकरी मिळाली आणि ते सुरतेला गेले. तिथे भाड्याने खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. ते जगणे सोसवेना, तेव्हा नोकरी सोडून ते मुंबईला परतले. सरकारी नोकरीला तेव्हा केवढे मोल होते, ते आपल्या वडिलांच्या पिढीला विचारा. ती नोकरी या माणसाने एका खोलीपायी सोडली.

आणि असे पहिल्यांदा घडत नव्हते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. उतरायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. बडोद्याच्या महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन शिकवलेल्या माणसाला महाराजांच्याच राजधानीत एक खोली मिळाली नाही. तिथून सुरत फार लांब नाही. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपुष्टात आणली, १९५५ साली त्यासाठी कायदाही झाला. खोलीचे दार मात्र होते तसेच राहिले.

आता कथेकडे येतो. बागुलांचा नायक कविवृत्तीचा तरुण आहे. नव्या देशाची, नव्या माणसाची स्वप्ने डोक्यात घेऊन तो गुजरातेत रेल्वेच्या कामावर येतो. पहिल्याच भेटीत जात विचारली जाते आणि तो ती सांगत नाही. मग त्याची हुशारी, त्याचे बोलणे यांवर लोक खूश होतात. त्याला घरात घेतात, जेवू घालतात. त्याच्याच जातीचा काशिनाथ तिथे आहे. तो काही लपवत नाही, त्यामुळे रोजचा अपमान आणि रोजचे भांडण त्याच्या वाट्याला येते. शेवटी नायकाची जात उघड होते आणि कौतुक करणारे हातच त्याच्यावर उठतात. काशिनाथ त्याला सोडवतो. मार खाल्लेला नायक मात्र मारणाऱ्यांना दोषी धरत नाही. आपल्याला मनूने मारले, अशी त्याची समजूत आहे.

कालचा तरुण आणि आजचा तरुण यांत काडीचा फरक झालेला नाही. तीच कविता, तोच स्वभाव, कामाची तीच तयारी. त्याच्याविषयीची एक माहिती तेवढी वाढली. त्या माहितीने त्याचे सगळे गुण एका क्षणात शून्यावर आले. म्हणजे काल जे कौतुक झाले, ते त्याचे नव्हतेच. लोकांनी मनात धरलेल्या दुसऱ्याच कुणाचे ते होते. जात लपवणाऱ्याला मिळालेला मानही त्याला लागू होत नाही, हे या कथेइतके स्पष्टपणे मला कुठल्याही समाजशास्त्राच्या ग्रंथात वाचायला मिळालेले नाही. स्वाभिमान म्हणजे ताठ मानेने चालणे, एवढाच अर्थ आपण धरतो. बागूल दाखवतात की तो आधी आतून पोखरला जातो : माणसाला स्वतःच्या यशाचाही विश्वास वाटेनासा होतो.

पण कथेची खरी करामत याच्याही पुढची आहे, आणि माझा हा पत्रप्रपंच तिच्यासाठी आहे. नायकाचे गुपित वाचकाला सुरुवातीपासून माहीत असते. कथेतल्या इतर कुणाला ते माहीत नसते. त्यामुळे वाचक आपोआप नायकाच्या बाजूला जातो आणि गुपित सांभाळू लागतो. कुणी गावाचे नाव काढले, की आपला जीव खालीवर होतो. कुणी घरी जेवायला बोलावले, की वाटते, जाऊ नकोस. हे सारे एखाद्या घरमालकालाही वाटते! प्रत्यक्षात जो दारात उभा राहून आडनाव विचारतो, तोच माणूस पुस्तक हातात असेपर्यंत भाडेकरू पकडला जाऊ नये म्हणून धडपडतो. भाषणाने असे होत नाही. भाषण ऐकताना आपण मान डोलावत आपल्याच जागी बसून असतो. कथेत बागूल आपल्याला आपल्या जागेवरून उठवतात आणि दाराच्या बाहेर नेऊन उभे करतात. त्यांना आपली दया नको आहे. थोडा वेळ आपणही घाबरलेले असावे, एवढेच ते घडवून आणतात.

कायदाही इथवर पोचत नाही. ‘कळवतो’ म्हणून न कळवणे, हा गुन्हा कसा शाबीत करणार? २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी मान्य केला. म्हणजे भिंतीला कायद्याचा टेकूही मिळू शकतो. अशा ठिकाणी उरते ती आपली आपल्याशी असलेली लाज, आणि ती जागी करणे हे गोष्टीचेच काम आहे.

याच संग्रहात ‘बोहाडा’ नावाची कथा आहे. पेठ-सुरगाण्याकडे ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना बोहाडा सांगायला नको. रात्रभर मुखवटे नाचतात, सारे गाव जागे असते, आणि कोणी कोणत्या देवाचे सोंग घ्यायचे याचे मान ठरलेले असतात. बागुलांच्या कथेतला दामू महार नरसिंहाचे सोंग आपल्याला हवे म्हणून उभा राहतो. तो गाव सोडून जात नाही, वेगळा उत्सव मांडत नाही, लपतही नाही. या गावाचा उत्सव तो आपला उत्सव मानतो आणि म्हणून त्यातला देवही मागतो. ‘तुमची वस्ती आहे की तिकडे, तिथे तुम्हाला बरे वाटेल,’ असे आपण भाडेकरूला सुचवतो ना, त्याचे उत्तर दामूच्या मागणीत आहे. माणसाला आपली माणसे जवळ हवीच असतात. पण ज्या गावात त्याने घाम गाळला, त्या गावाच्या मध्यावर उभे राहण्याचा हक्कही त्याला हवा असतो. त्याला कुठे बरे वाटेल, ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

‘सूड’ या कादंबरीत बागूल आणखी अवघड वळणावर जातात. बाईचा देह ही बाजारातली वस्तू असते, हे तिची नायिका जानकी हिने जवळून पाहिले आहे. या अपमानाचा सूड घ्यायचा तर आपले बाईपणच टाकून द्यावे, या टोकाला ती जाते आणि साधूंच्या वाटेला लागते. ही छोटेखानी कादंबरी वाचताना दम लागतो. जात लपवता येत नाही आणि देहही टाकता येत नाही, या दोन भिंतींच्या मधल्या जागेत बागुलांची माणसे स्वतःची किंमत शोधतात. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला आपण खोली देतो तेव्हा काय काय विचारतो, ते आठवा. रात्री किती वाजता येता? भेटायला कोण येते? लग्नाचे काय? घरभाड्याशी यातल्या एकाही प्रश्नाचा संबंध नाही. त्या मुलीला मात्र उत्तरे देताना आपण काही केलेले नसताना खुलासा करतो आहोत, असे वाटत राहते. मुसलमान कुटुंबांचे तर विचारूच नका. त्यांच्या बाबतीत ‘कळवतो’ म्हणण्याचेही कष्ट आपण घेत नाही.

बागुलांवर एक आक्षेप घेतला जातो. त्यांची भाषा फार पेटलेली, फार अलंकारिक, प्रसंग फार भडक. आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी त्यांची वाक्ये उपमांच्या भाराने वाकतात आणि माणसापेक्षा आवेश मोठा होतो. पण संयमित लिहिणे ही चीज ज्याचा भाडेकरार कपाटात सुरक्षित आहे, त्याला सोपी जाते. ज्या माणसांना बोलू दिलेले नाही, ती बोलू लागतात तेव्हा सगळे एकदम बोलतात. बागुलांच्या गद्यात ही घाई आहे. झोपडपट्टीतले गुंड, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाया, मैला वाहणाऱ्या बापाचा शिकलेला मुलगा, अशा माणसांना त्यांनी महाकाव्यातल्या वीरांसाठी राखून ठेवलेली भाषा दिली. भाषेतही राखीव जागा असतात, हे त्यांनी ओळखले आणि तिथे आपली माणसे नेऊन बसवली.

आता आपल्या गावाविषयी. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची उभी हयात त्यामागे. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. सत्याग्रहाच्या पहिल्याच वर्षी, जुलै महिन्यात, इथून काही मैलांवर विहितगावात बागुलांचा जन्म झाला. १९३२ साली त्या सत्याग्रहात विशीतला एक कवीही सामील झाला होता, वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज. पुढे त्याच कुसुमाग्रजांच्या प्रतिष्ठानने दिलेला जनस्थान पुरस्कार २००७ साली बाबूराव बागुलांना मिळाला. मंदिराच्या बंद दारापाशी दोघांच्या आयुष्याची ही गाठ पहिल्यांदा पडली होती. पुढच्याच वर्षी, २६ मार्च २००८ रोजी, बागूल नाशिकमध्येच गेले.

तेव्हापासून नाशिकने त्यांची आठवण ठेवली नाही, असे म्हणता येणार नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने नव्या कथालेखकांसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. त्यांचा पहिला संग्रह २०१८ साली जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेला, त्यामुळे मराठी न येणारेही आज तो वाचतात. आपण अभिमान बाळगण्यात कमी पडत नाही. लेखक गौरवाच्या खुर्चीत बसलेला असला, की त्याचे आडनाव आपल्याला मुळीच खटकत नाही. तेच आडनाव लावणारा एखादा तरुण फिटर नाशिकरोडला खोली शोधत आला, की आपल्याला मिसेसशी बोलावे लागते.

तुमची बाजू मी कमिटीत अनेकदा ऐकली आहे. घर माझे, ते कुणाला द्यायचे ते मी ठरवीन. अगदी बरोबर. मग भाडे वेळेवर मिळेल का, घर नीट राहील का, मुदत संपल्यावर माणूस निघेल का, हे जरूर तपासा. त्याची साधने आपल्या हाती आहेत : नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, पोलिस पडताळणी, पगाराची स्लिप. आडनावाने यात कसली भर पडते? भाडे थकवणारे आणि भिंती खराब करणारे सर्व जातींत मुबलक आहेत, याची साक्ष आपली कोर्टे देतील. दुसरे म्हणणे असे, की आम्ही जात बघत नाही, फक्त आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही. ज्यांच्या मनात खरोखर तेवढेच आहे, त्यांनी तेवढेच विचारावे आणि ‘नाही खात’ या उत्तरावर थांबावे. त्यानंतरही पूर्ण नाव लागत असेल, तर प्रश्न स्वयंपाकघराचा नव्हता. तिसरे म्हणणे, मला स्वतःला काही नाही हो, पण बाकीचे मेंबर काय म्हणतील? त्या बाकीच्या मेंबरांना मी विचारले आहे. तेही हेच म्हणतात.

आपल्या गावाला पाहुण्यांची सवय नाही, असेही नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला लाखो अनोळखी माणसे येतात आणि आपण त्यांना गोदेची वाट दाखवतो, ओसरीवर टेकू देतो, पाणी देतो. ज्यांच्या नावाशीही आपले देणेघेणे नसते त्यांचे हे आदरातिथ्य. मग जो वर्षभर राहून भाडे भरणार, इथल्या कारखान्यात राबणार, इथेच मुले शिकवणार, त्याच्याच बाबतीत एवढी चौकशी कशाला?

म्हणून तीन गोष्टी मागतो. सोसायटीच्या भाडेकरू फॉर्ममध्ये जात, धर्म, मूळ गाव असे रकाने असतील तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून ते काढून टाका, आणि कुणाचा भाडेकरू कमिटीने नाकारला तर कारण लेखी द्यायची अट घाला. लेखी द्यायचे म्हटले, की पुष्कळ कारणे आपोआप नाहीशी होतील. दुसरे, एजंटला एकदा स्पष्ट सांगा : मला पगार आणि माणसांची संख्या सांग, आडनाव करार करताना बघू. आपल्या तोंडून हे ऐकल्याशिवाय तो चाळण लावायचे थांबवणार नाही, कारण ती चाळण त्याने आपल्याच मागणीवरून घेतलेली आहे. तिसरे, येत्या १७ जुलैला सोसायटीच्या हॉलमध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा मोठ्याने वाचा. एकाने सगळी वाचू नये, आळीपाळीने वाचावी. कथा प्रथमपुरुषी आहे, त्यामुळे प्रत्येक वाचणाऱ्याला थोडा वेळ ‘मी’ म्हणून त्या जागी उभे राहावे लागेल. चेअरमननी सुरुवात करावी.

वाचन झाल्यावर चर्चा ठेवू नका. चर्चेत आपण फार हुशार असतो. त्या आठवड्यात एजंटचा फोन आला, तर काय विचारायचे आणि काय नाही, एवढे प्रत्येकाने आपापले ठरवावे. आमच्या सोसायटीत हा विषय मी अजेंड्यावर घातला आहे. पुस्तकाची प्रत हवी असेल तर माझ्याकडे आहे. वाचून झाली की परत करा, कारण पुढे आणखी मेंबर रांगेत आहेत.

कळावे,

आपल्यातलाच एक घरमालक,
नाशिक